कंट्रोलरमधली नवलाई: काय टिकतं, काय कपाटात जातं

प्रश्न असा आहे: दर नव्या कन्सोलबरोबर 'आजवर कधीच नव्हती' अशी एखादी गोष्ट येते. हवेत फिरवायचा रिमोट, चष्म्याशिवाय दिसणारं थ्रीडी, अख्खं शरीर ओळखणारा कॅमेरा, बोटाला उलटा जोर देणारे ट्रिगर, टेबलावर माउससारखा सरकवायचा कंट्रोलर. दोन-तीन वर्षांत त्यातलं बरंचसं लोक विसरून जातात. मग हे सगळं विक्रीपुरतं खूळ समजायचं, की यातून खरंच काही शिल्लक राहतं?

मी बरीच वर्षं गेममधल्या इनपुटचं काम करतोय. बटण दाबल्यापासून पडद्यावरचं पात्र हलेपर्यंत मधे जे काही घडतं, ते माझ्याकडे असतं. या जागेवरून पाहिलं तर 'खूळ की शोध' ही विभागणीच फारशी कामाची वाटत नाही. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: कंट्रोलरमध्ये बसवलेला सुटा भाग, आणि तो विकताना रंगवलेलं स्वप्न. स्वप्न बहुतेक वेळा मरतं. भाग मात्र कित्येकदा जगतो, आणि जगतो तो जाहिरातीत कुणी उल्लेखही केला नव्हता अशा एखाद्या छोट्या, कंटाळवाण्या कामात.

आज ज्यांना कुणीच खूळ म्हणणार नाही अशा भागांपासून सुरुवात करू. अधिकच्या चिन्हासारखा डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं बटण, गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या 'डाँकी काँग' गेम अँड वॉचसाठी तयार केला. घडी होऊन खिशात जाणाऱ्या यंत्रावर उभी जॉयस्टिक बसणार कशी, एवढीच अडचण होती. त्याच वर्षी अटारी ५२०० हा कन्सोल ॲनालॉग स्टिक, म्हणजे किती आणि कोणत्या कोनात कलवली तेही मोजणारी स्टिक, घेऊन बाजारात आला, आणि त्या स्टिकला लोकांनी शिव्या घातल्या. अंगठा काढला तरी ती मधोमध परत येत नसे. शिवाय त्या काळचे बहुतेक गेम चार दिशांचे होते, त्यांना मधले कोन नकोच होते. १४ वर्षांनी, १९९६ मध्ये, निन्टेंडो ६४ तीच कल्पना घेऊन आला आणि सगळ्यांना ती एकदम पटली. स्टिक जराशी कलवली की मारिओ चवड्यांवर दबकत चालतो, पूर्ण ढकलली की धावतो. दोन्ही वेळा भाग जवळजवळ सारखाच होता. मधल्या काळात त्याला काम मिळालं. त्रिमितीय जगात कोणत्याही कोनात, कोणत्याही वेगाने चालावं लागतं, आणि चालणं ही गोष्ट खेळाडू गेमच्या प्रत्येक सेकंदाला करत असतो.

नव्या भागाविषयी मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा भाग दर सेकंदाला लागणारं काम करतो, की तासातून एकदा दाखवायची करामत?

दुसऱ्या स्टिकची कहाणी याहून बोलकी आहे. सोनीने १९९७ मध्ये दोन स्टिकचा कंट्रोलर आणला तेव्हा उजव्या स्टिकने नेमकं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९९९ चा 'एप एस्केप' हा ड्युअलशॉक या सोनीच्या दोन स्टिकच्या कंट्रोलरशिवाय चालतच नसे. त्यात उजव्या स्टिकने जाळं फिरवून माकडं पकडायची. मजेदार होतं, पण तो वापर पुढे फारसा कुणी उचलला नाही. २००० मध्ये प्लेस्टेशनवरच्या 'एलियन रिझरेक्शन'ने डाव्या स्टिकने चालणं आणि उजवीने बघणं अशी मांडणी केली, आणि एका ठळक समीक्षेत नेमक्या याच मांडणीवर टीका झाली. पुढच्याच वर्षी एक्सबॉक्सवर 'हेलो' तीच मांडणी घेऊन आला. त्यानंतर जगभरच्या अंगठ्यांना दुसरी मांडणी सुचेनाशी झाली. पहिल्या वर्षीच्या निकालावर मी फार विसंबत नाही ते यामुळे. हातांना शिकायला वेळ लागतो, डिझायनरांना त्याहून जास्त.

एखादं वैशिष्ट्य टिकाऊ आहे का हे ओळखायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ते काढून घेतल्यावर काय होतं ते बघणं. सुदैवाने कंपन्यांनी स्वतःच असे प्रयोग करून ठेवले आहेत.

व्हायब्रेशनचं घ्या. १९९७ मध्ये निन्टेंडोने 'स्टार फॉक्स ६४'बरोबर रंबल पॅक दिला. कंट्रोलरखाली खोचायचा ठोकळा, त्यात वेगळ्या बॅटऱ्या, आणि तो बसतो मेमरी कार्डच्याच खाचेत, म्हणजे गेम सेव्ह करायचा तर कधीकधी ठोकळा काढून कार्ड लावा. खुळाची सगळी लक्षणं हजर. पण ड्युअलशॉकमध्ये मोटर आतच बसल्यावर चित्र पालटलं. मग २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ च्या सिक्सॲक्सिस कंट्रोलरमधून व्हायब्रेशन काढलं आणि त्याऐवजी कलवून खेळायचे सेन्सर दिले. मोटरच्या थरथरीने सेन्सर बिघडतात, असं कारण देण्यात आलं. त्याच काळात इमर्शन या कंपनीशी सोनीचा हॅप्टिक्सच्या, म्हणजे हाताला स्पर्शाची जाणीव देणाऱ्या तंत्राच्या, पेटंटवरून खटला चालू होता, हे विसरू नये. खेळाडूंची आणि डेव्हलपरांची नाराजी लगेच दिसली. मार्च २००७ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी ड्युअलशॉक ३ आला, त्यात व्हायब्रेशनही होतं आणि सेन्सरही. एकमेकांचं वैर असल्याचं सांगितलेले दोन्ही भाग एकाच कवचात सुखाने नांदले. कलवून खेळायच्या स्वप्नाचं काय झालं, ते त्याच वर्षीच्या 'लेअर'ला विचारा. त्यात ड्रॅगन उडवायला कंट्रोलर कलवण्याशिवाय पर्याय नव्हता. इतकी टीका झाली की पुढे अपडेट काढून साध्या स्टिकचा पर्याय द्यावा लागला.

आता उलटं उदाहरण. निन्टेंडो ३डीएस हे हातात धरायचं यंत्र चष्म्याशिवायच्या थ्रीडीच्या नावाने विकलं गेलं आणि तेच वैशिष्ट्य २०१३ च्या २डीएसमधून सरळ काढून टाकलं गेलं. नावातच कबुली होती. ओरड झाली नाही. निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरमधला इन्फ्रारेड कॅमेराही तसाच. २०१७ मध्ये तो हाताचा आकार ओळखतो म्हणून मिरवला, 'रिंग फिट ॲडव्हेंचर'मध्ये अंगठ्यावरून नाडी मोजायला कामी आला, लाबोच्या पुठ्ठ्याच्या खेळण्यांत वापरला गेला. २०१९ च्या स्विच लाइटमध्ये तो नव्हता, २०२५ च्या जॉय-कॉन २ मध्येही नाही. कित्येक खेळाडूंना तो होता हेही माहीत नसेल.

३डीएसबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे तंत्र वाईट नव्हतं. पडद्यासमोरच्या बारीक पट्ट्यांच्या आडोशाने डाव्या डोळ्याला एक चित्र आणि उजव्याला दुसरं मिळायचं. डोकं जरा बाजूला गेलं की चित्र फाटायचं. २०१४ मध्ये आलेल्या नव्या ३डीएसमध्ये कॅमेऱ्याने डोळ्यांचा माग घेऊन हे बऱ्यापैकी सुधारलं. तरी मुळातली अडचण तशीच राहिली. लहान मुलांनी, म्हणजे ६ वर्षांच्या आणि त्याखालच्या, थ्रीडी वापरू नये असा खुद्द कंपनीचाच सल्ला होता. शिवाय थ्रीडी बंद करायची दांडी यंत्रावरच दिली होती. मग डिझायनर करणार काय? खेळाडूला केव्हाही बंद करता येणाऱ्या गोष्टीवर कोडं बेतता येत नाही, उडीचं अंतर ठरवता येत नाही. गेम दोन्ही अवस्थांत पूर्ण खेळता यायलाच हवा, त्यामुळे थ्रीडी कायम सजावटीपुरतं उरलं. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आलेलं यंत्र ऑगस्टमध्येच १६९.९९ वर आणावं लागलं. पुढे ते साडेसात कोटींच्या वर विकलं गेलं हे खरं, पण ते त्यावरच्या गेमच्या जोरावर.

आता वीकडे (Wii), म्हणजे निन्टेंडोच्या हवेत फिरवायच्या रिमोटवाल्या कन्सोलकडे येतो, कारण या वादात प्रत्येक जण वीचंच नाव आपल्या बाजूने घेतो. १० कोटी १६ लाख यंत्रं विकली गेली म्हणून एक बाजू तिला क्रांती म्हणते. नंतर सगळ्यांनी पुन्हा साधे कंट्रोलर हातात घेतले म्हणून दुसरी बाजू फसवणूक म्हणते.

आत काय होतं ते पाहू. २००६ च्या वी रिमोटमध्ये तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर होता. तो प्रवेगातले बदल मोजतो, आणि गुरुत्वाकर्षणही त्याला प्रवेगच वाटतं. त्यामुळे रिमोट स्थिर असताना तो किती कललाय हे नीट कळतं. पण आडवा धरून डावी-उजवीकडे वळवला, तर गुरुत्वाच्या दिशेत फरक पडत नाही आणि ॲक्सेलरोमीटरला काहीच समजत नाही. प्रवेगावरून जागा काढायला गेलं तर चूक क्षणाक्षणाला साचत जाते. म्हणजे तुमचा हात हवेत नेमका कुठे आहे, हे त्या रिमोटला माहीतच नसायचं. पडद्यावर नेम धरायचं काम वेगळ्याच जुगाडाने व्हायचं: टीव्हीजवळच्या पट्टीत फक्त इन्फ्रारेड दिवे होते, कॅमेरा होता रिमोटच्या टोकाला. त्या पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम चालायचं.

अशा सेन्सरवर काम करणारा प्रोग्रामर काय करेल? एक उंबरठा ठरवतो. प्रवेग त्याच्या वर गेला की 'फटका मारला' असं धरतो. 'वी स्पोर्ट्स'च्या टेनिसमध्ये हे झकास जमलं, कारण तिथे वेळ साधणं हाच खेळ आहे. खेळाडूला पळवायचं कामही गेमच करतो. शिवाय जपान आणि दक्षिण कोरिया सोडून जवळपास सगळीकडे तो गेम यंत्राबरोबरच मिळायचा. लोकांना मात्र लवकरच कळलं की सोफ्यावर बसून मनगट झटकलं तरी तोच फटका बसतो. ते कळलं की स्वप्न संपलं. इतर गेममध्ये परिस्थिती वाईट होती. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये तलवार चालवायला रिमोट हलवायचा, पण आत चालू होतं बटणाचंच काम: एक वार, हो किंवा नाही. बटण जे क्षणात आणि न थकता करतं, तेच उशिराने आणि हात दुखवून करून घेतलेलं. मी याला 'वॅगल कर', म्हणजे रिमोट झटकण्याचा कर, म्हणतो. नवा भाग जुन्या बटणाचं काम करायला लागला, तर खेळाडू कुरकुरत हा कर भरतो आणि पुढच्या गेममध्ये बटण मागतो.

२००९ मध्ये निन्टेंडोने मोशनप्लस म्हणून जायरोस्कोप वेगळा विकायला आणला. आता रिमोट खरोखर किती वळला हे मोजता येऊ लागलं. पण तोवर कोट्यवधी घरांत जायरो नसलेले रिमोट पोहोचलेले होते, आणि जोडणी सक्तीची करणारे गेम बोटांवर मोजण्याइतके निघाले. २०११ चा 'स्कायवर्ड स्वोर्ड' त्यातला मोठा.

इथवर गोष्ट अपयशाचीच वाटते. पण जायरो मेला नाही. २०१५ मध्ये वीनंतरच्या वी यू या कन्सोलवर 'स्प्लॅटून' हा नेमबाजीचा गेम आला. त्यात कुणी तलवार फिरवत नव्हतं. उजव्या स्टिकने ढोबळ वळायचं, आणि शेवटचा बारीक नेम कंट्रोलर काही अंश हलवून धरायचा. स्टिक सांगते किती वेगाने वळायचं. मनगट सांगतं किती वळायचं. हा फरक लहान वाटेल, पण नेमबाजीत तोच सगळं काही आहे. स्टिकने नेम धरताना तुम्ही वेग देता, निशाण लक्ष्याजवळ येताच अंदाजाने थांबवता, पुढे गेलं की मागे आणता. म्हणून कंट्रोलरवरच्या बहुतेक नेमबाजीच्या गेममध्ये आम्ही गुपचूप मदत करतो: निशाण शत्रूवरून जाताना हळू करतो, थोडं चिकटवतो. जायरोमध्ये माउससारखा थेट संबंध असतो, हात जेवढा वळला तेवढं निशाण वळतं. हीच मांडणी २०१५ च्या स्टीम कंट्रोलरमध्ये होती, २०२२ च्या स्टीम डेकमध्ये आहे, आणि प्लेस्टेशन व स्विचवरच्या बऱ्याच गेमच्या सेटिंगमध्ये तुम्हाला ती सापडेल. जी हालचाल 'दिवाणखान्यात टेनिस' म्हणून विकली गेली, ती मनगटाच्या चार-पाच अंशांत येऊन स्थिरावली. जाहिरातीत दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही.

मग ती सगळीकडे का पसरली नाही? त्याचं उत्तर हिशेबाचं आहे. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये जायरो नाही, सिरीज एक्सबरोबर आलेल्यातही नाही. तीन-चार मंचांवर, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवर आणि पीसीवर, एकाच वेळी निघणाऱ्या गेमचा डिझायनर प्रत्येक मंचावर जे आहे तेवढ्यावरच मूळ खेळ बेतू शकतो. उरलेलं सगळं 'असेल तर वापरा' या रकान्यात जातं, आणि त्या रकान्याला वेळापत्रकात सगळ्यात शेवटची जागा मिळते. कोड लिहायचा, सेटिंगचा पडदा करायचा, डावऱ्यांसाठी तपासायचं, मंचाच्या मालकाकडून मंजुरी घ्यायची; एवढं करून खेळाडूंमधला एक हिस्साच ते वापरणार. प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरवरच्या टचपॅडचं हेच झालं. २०१३ मध्ये तो नवा दरवाजा वाटत होता. बहुतेक गेममध्ये तो नकाशा उघडायचं एक मोठं बटण ठरला.

त्याच कंट्रोलरवर एक बारकंसं बटण होतं ज्याकडे कुणी फारसं गंभीरपणे पाहिलं नाही: शेअर. दाबा, आणि नुकत्याच खेळलेल्या भागाचा व्हिडिओ किंवा चित्र जपून ठेवा. माझ्या मते त्या पिढीतलं सगळ्यात टिकाऊ हार्डवेअर तेच. २०१७ च्या स्विचवर कॅप्चर बटण आलं, २०२० च्या एक्सबॉक्स कंट्रोलरवर शेअर बटण आलं. ते पसरलं कारण आम्हा गेम बनवणाऱ्यांकडून त्याने जवळजवळ काहीच मागितलं नाही. सगळं काम यंत्राची प्रणाली करते. वायरलेसही असंच शांतपणे आलं. २००२ चा निन्टेंडोचा वेव्हबर्ड रेडिओलहरींवर चालायचा आणि त्यात बॅटरी वाचवण्यासाठी व्हायब्रेशनच नव्हतं, तरी लोकांनी तो उचलून धरला. पुढच्या पिढीत वायर हाच अपवाद झाला.

किनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्ससाठीचा अख्खं शरीर ओळखणारा कॅमेरा, ही नेमकी उलटी टोकाची मागणी. नोव्हेंबर २०१० मध्ये आला, पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकला गेला. खोली प्रकाशाच्या अदृश्य ठिपक्यांनी भरून टाकायची, त्या ठिपक्यांच्या सरकण्यावरून अंतर मोजायचं आणि त्यातून सांगाडा ओळखायचा, हे तंत्र अफाट होतं. मी आजही त्याला सलाम करतो. पण गेमसाठी त्याचे तीन प्रश्न होते आणि तिन्ही न सुटणारे. अंतर मोजणारा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घ्यायचा, म्हणजे सांगाडा शोधायला सुरुवात होण्याआधीच ३३ मिलिसेकंदांपर्यंत उशीर. दुसरं, हातात काहीच नसल्यामुळे दाबल्याचा, अडल्याचा, लागल्याचा स्पर्श नाही. आणि तिसरं, सगळ्यात साधं: चालायचं कसं? खोलीत दोन पावलांवर भिंत असते. म्हणून किनेक्टचे कितीतरी गेम रुळावरून जाणारे झाले. नाचाचे गेम चालले, कारण तिथे एका जागी उभं राहून अंग हलवणं हाच खेळ होता.

मायक्रोसॉफ्टने यातून एक धडा बरोबर घेतला होता: प्रत्येक खोक्यात भाग असला तरच डेव्हलपर त्यावर विसंबतील. म्हणून २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर किनेक्ट सक्तीचा केला. किंमत झाली ४९९ डॉलर, समोर प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. वर ग्राफिक्स क्षमतेतला सुमारे १० टक्के हिस्सा किनेक्ट आणि प्रणालीसाठी राखून ठेवलेला. जून २०१४ मध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स ३९९ ला आला, आणि राखीव हिस्साही गेमसाठी खुला झाला. माझ्या व्यवसायातल्या लोकांना दुसऱ्या बातमीचा आनंद जास्त झाला. २०१७ मध्ये उत्पादन थांबलं. दरम्यान पहिल्या किनेक्टमागचं तंत्र ज्या प्राइमसेन्स कंपनीचं होतं ती ॲपलने २०१३ मध्ये विकत घेतली, आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखायला त्याच जातीचा ठिपक्यांचा प्रक्षेपक पडद्याच्या वरच्या खाचेत बसला. 'तुम्हीच कंट्रोलर आहात' अशी घोषणा होती. उरलं ते फोनचं कुलूप उघडणं.

वी यूचंही थोडक्यात सांगतो. टीव्ही आणि हातातला पडदा एकाच वेळी पाहायचे, ही कल्पना १ कोटी ३६ लाख यंत्रांवरच अडकली. निन्टेंडोच्याच डीएस या हातातल्या यंत्राचे दोन पडदे एका नजरेत मावत होते. इथे मान आणि डोळ्यांचा फोकस दोन्ही सारखे बदलावे लागायचे. पण त्याच गेमपॅडवर एक सोय होती: टीव्ही दुसऱ्याला हवा असेल तर गेम हातातच चालू ठेवा. ती सोय हीच मग स्विचची मूळ कल्पना झाली.

कधीकधी भागाचा काहीच दोष नसतो, त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. जुन्या निन्टेंडोची झॅपर बंदूक घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा करायची, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढायची, आणि बंदुकीतला प्रकाश-सेन्सर तो दिसला का बघायचा. हे सगळं जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं. सपाट पडदे आले, चित्र उशिरा उमटू लागलं, आणि एक धडधाकट तंत्र रातोरात निकामी झालं. ग्राफिक्स कार्डांच्या बाजूला याचा जुळा भाऊ आहे: २००६ मध्ये एजिया कंपनीने भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीसाठी वेगळं फिजएक्स कार्ड विकलं. २००८ मध्ये एनव्हिडियाने कंपनी घेतली, कार्ड गेलं, आणि तेच काम साध्या प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स चिपवर मुकाट चालू लागलं. उलट २०१८ मध्ये रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्यासाठी, आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांना अनेकांनी खूळ म्हटलं होतं. त्यांच्यासोबत आलेल्या डीएलएसएसची, म्हणजे लहान चित्र मोठं करणाऱ्या तंत्राची, पहिली आवृत्ती तर धूसरच होती. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं हेच अनेकांसाठी ते कार्ड घेण्याचं मुख्य कारण झालं. प्रकाशाची किरणं मिरवणुकीत पुढे होती, पण भाव खाऊन गेलं चित्र मोठं करणारं गणित.

एक गोष्ट मात्र मला ठासून सांगायची आहे: क्षणिक असणं हा गुन्हा नाही. गेमच्या धंद्यातल्या १९८३ च्या मंदीनंतर अमेरिकेतले दुकानदार व्हिडिओ गेम हा शब्द ऐकायला तयार नव्हते. १९८५ मध्ये निन्टेंडोने खोक्यात आर.ओ.बी. नावाचा एक छोटा रोबो घातला आणि माल खेळणी म्हणून दुकानात शिरला. त्या रोबोसाठी दोनच गेम निघाले. त्याचं काम दार उघडण्याचं होतं, ते त्याने केलं. २००३ च्या 'बोकताई'च्या कार्ट्रिजवर ऊन मोजणारा सेन्सर होता; पिशाच्चांशी लढायचं तर खेळाडूने खरोखर उन्हात जाऊन बसायचं. तो सेन्सर पुढे इतर गेमनी उचलावा अशी अपेक्षाच नव्हती. प्लेडेट या छोट्या यंत्राचं फिरवायचं हँडलही याच पंथातलं. एका गेमसाठी एक भाग, आणि किंमतही तेवढ्यापुरती, यात खेळाडूची फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती अख्ख्या यंत्राची किंमत त्या भागाने चढवली आणि तो वापरणारे गेम आलेच नाहीत तेव्हा.

व्हीआर मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण ते वैशिष्ट्य नसून वेगळा मंचच आहे. प्लेस्टेशन व्हीआर २ ची २०२३ मधली किंमत ५४९.९९ डॉलर, म्हणजे ज्या कन्सोलला तो जोडायचा त्याहून जास्त, आणि आधीच्या व्हीआरचे गेम त्यावर चालत नाहीत. त्याचा हिशेब नव्या कन्सोलसारखाच करावा लागतो.

आता सध्या बाजारात असलेल्या दोन गोष्टींबद्दल माझं मत विचाराल, तर सांगतो.

जॉय-कॉन २ उभा करून माउससारखा सरकवायची सोय लोकांना हास्यास्पद वाटली. सोफ्यावर बसलेल्या माणसासमोर टेबल नसतं, हे खरंच आहे. तरी मला ती टिकेल असं वाटतं, कारण इथे डेव्हलपरला नवीन काही शोधावं लागत नाही. 'सिव्हिलायझेशन ७'सारखा गेम पीसीवर माउसनेच खेळला जातो. मांडणी, कर्सर, निवडीचा चौकोन, सगळा कोड आधीच लिहून तपासलेला आहे. स्विच २ वर तो फक्त जोडायचा. रोज नाही वापरला जाणार. नकाशे, याद्या, डावपेचांचे गेम आणि काही नेमबाजी, एवढ्या कोपऱ्यात तो पक्का बसेल.

ड्युअलसेन्स या प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचे ट्रिगर आणि हॅप्टिक्स यांना लोक एकाच पिशवीत घालतात, मी घालत नाही. ट्रिगरमध्ये मोटर दंतचक्राने बोटाला विरोध करते. 'ग्रान टुरिस्मो ७'मध्ये ब्रेक दाबताना ते खरोखर माहिती देतं, चाक कधी घसरतंय ते बोटाला कळतं. पण नेमबाजीच्या गेममध्ये प्रत्येक गोळीला जड घोडा ओढणं म्हणजे पुन्हा वॅगल करच झाला. ऑनलाइन स्पर्धेत खेळणारे तो आधी बंद करतात आणि बरोबर करतात. हॅप्टिक्सचं तसं नाही. जुन्या मोटरला फक्त 'थरथर, जास्त थरथर' एवढंच येत होतं. आताचे भाग ध्वनीसारखी लहर वाजवतात. २०२२ च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट १'मध्ये संवादाचा ठेका हातात जाणवावा अशी सोय आहे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाक्य कसं म्हटलं गेलं याचा अंदाज यावा म्हणून. लाँचच्या वेळी वाळू आणि पावसाच्या थेंबांची वर्णनं चालली होती, हा वापर तेव्हा कुणी दाखवला नव्हता. पुढच्या पिढीच्या कंट्रोलरमध्ये हॅप्टिक्स असेल यावर मी पैज लावायला तयार आहे. ट्रिगरच्या विरोधावर नाही. खर्च कमी करायची वेळ आली तर आधी तोच जाईल, आणि गाड्यांचे गेम खेळणारे सोडले तर फारसं कुणी विचारायला येणार नाही.